नव्या फरशीवरचं पिल्लू
फिनेलचा वास आला की मला आमच्या लोणंदच्या घरातली नवी पांढरी फरशी आठवते. फौजेतून रिटायर झाल्यावर वडिलांनी पोमेरियनचं पिल्लू आणलं होतं, ओंजळीत मावेल एवढं. आमची कुत्री आजवर गोठ्यातच वाढलेली; घरातल्या पिल्लाला वेळेवर बाहेर न्यावं लागतं, हे कुणाला ठाऊकच नव्हतं. ते मुतलं की वडील खुर्चीतूनच हुकूम सोडायचे, "नाक घास त्याचं. त्याबिगर कळायचं न्हाई." मी मानगूट धरून त्याचं नाक त्या ओल्यात घासायचो, ते केकाटायचं, मग मी फिनेल टाकून फरशी पुसायचो. आठवड्याभरानं घरात पाहुणे बसले असताना ते माझ्या पायाशी येऊन मुतलं आणि मी वाकायच्या आधीच स्वतःचं नाक त्यात घासून, माझ्याकडे बघत शेपूट हलवायला लागलं. "लय शानं हाय, शिकलं बगा!" वडील म्हणाले. पाहुणे पोट धरून हसले, मीही हसलो. काल माझ्या मुलीच्या हातून फरशीवर दूध सांडलं. मी नुसता खुर्चीतून उठलो, तर तिनं आपणहून कान धरले आणि माझ्याकडे बघून हसली.