ऑफसाइडचं लाल कार्ड

बस डेपोच्या टायर विभागातल्या त्या बाईंना सगळे शिट्टीताई म्हणत. आठवडाभर पान्ह्यानं चाकांचे नट आवळायचे आणि रविवारी फुटबॉलच्या सामन्यांत पंच म्हणून धावायचं, हे बारा वर्षं चाललेलं. त्यांचा हात खिशाकडे गेला की भल्याभल्यांची बोलती बंद व्हायची.

त्या वर्षी उपांत्य सामना डेपो विरुद्ध छापखाना असा होता. "माझ्याच डेपोचा सामना मला नको," असं ताईंनी आधीच सांगितलं होतं. पण ठरलेला पंच आजारी पडला, दोन्ही संघ ताईंना हो म्हणाले आणि त्या उभ्या राहिल्या.

पूर्वार्धात छापखान्याचा फॉरवर्ड चेंडू घेऊन एकटाच गोलकडे सुटला. डेपोच्या गोलकीपरनं त्याला पाय घालून आडवा केला. हातातोंडाशी आलेला गोल असा हिरावला तर शिक्षा एकच. ताईंनी लाल कार्ड काढलं. मग त्यांची नजर रेषेवर गेली. तिथे रेषापंच म्हणून आलेले निवृत्त पोस्टमनकाका कधीचा झेंडा वर धरून उभे होते.

ताई धावत गेल्या. "पास दिला तेव्हाच तो सगळ्या बचावपटूंच्या पुढे, ऑफसाइड होता," काका म्हणाले.

म्हणजे गोलची संधीच नव्हती. ताईंनी कार्ड मागे घेतलं आणि फ्री किक डेपोला दिली. "घरचं माणूस, घरचा न्याय!" छापखानावाले ओरडले. ताईंनी शिट्टी वाजवून खेळ सुरू केला.

उत्तरार्धात तोच फॉरवर्ड पुन्हा ऑफसाइड सापडला. झेंडा वर गेला, शिट्टी वाजली, सगळे थांबले. डेपोचा एक बचावपटू मात्र थांबला नाही. तो डेपोच्या फोरमनचा जावई, म्हणून सगळे त्याला जावईबापूच म्हणत. त्यानं फॉरवर्डच्या तोंडावर कोपर हाणलं. नाकातून रक्ताची धार लागली.

लाल कार्ड!

"अहो ताई, ऑफसाइड होता ना तो?" जावईबापू अंगावर आला. "मघाशी ऑफसाइड म्हणून कार्ड परत घेतलंत. आता काय झालं?"

"मघाशी संधी खोटी होती, म्हणून कार्ड खोटं ठरलं. तुझं कोपर खरं आहे. चल, बाहेर हो."

दहा जणांनिशी डेपोनं कसाबसा सामना जिंकला. पण लाल कार्ड म्हणजे जावईबापूला अंतिम सामन्याची बंदी. सोमवारी सकाळी फोरमन टायर विभागात आला. तो स्पर्धेच्या समितीवरही होता.

"अहवालात एवढंच लिहा, की गडबडीत गैरसमज झाला," तो गोडीत म्हणाला. "दोन ओळींनी काय जातं तुमचं?"

"गैरसमज पूर्वार्धात झाला होता, साहेब. तो मी लिहिलाय, माझ्याच नावावर. दुसऱ्या कार्डात गैरसमज नाही."

"अंतिम सामना तुम्हालाच द्यायचा विचार होता आमचा."

बारा वर्षांत अंतिम सामना एकदाही त्यांच्या वाट्याला आला नव्हता. त्यांनी पान्हा पुन्हा नटावर चढवला. "मग विचार बदला. मी अहवाल बदलत नाही."

फोरमननं तो राग चांगलाच काढला. ताईंचं नाव पंचांच्या यादीतून खोडलं गेलं. पण पंचाच्या सहीशिवाय बंदी उठेना, म्हणून जावईबापूही बाहेर तो बाहेरच. घरी नवरा वैतागला, "पाण्यात राहून माशाशी वैर कशाला?"

"माशाचा जावई बसलाय घरी. मी बघते सामना," ताई म्हणाल्या.

आणि खरंच, अंतिम सामन्याला त्या तिकीट काढून पहिल्या रांगेत, फोरमनच्या बरोबर समोर बसल्या. डेपो हरला. लोकांनी त्याचं खापर ताईंवरच फोडलं आणि डब्याच्या वेळी कितीतरी दिवस त्यांच्या बाकावर कुणी बसलं नाही.

नवा हंगाम आला तशी ताईंनी पुन्हा समितीच्या खोलीत जाऊन अर्ज टेबलावर ठेवला. फोरमननं तो नुसता बोटानं बाजूला सरकवला. "पुन्हा तसं झालं तर?"

"तर पुन्हा तसंच कार्ड," ताई म्हणाल्या आणि अर्जाची पोच मागून घेतली.