पंडित नानांचा भोंगा

सुरक्षा समितीचं प्रमुखपद कोण घेणार, असं विचारल्याबरोबर सभेतले सगळे एकदम मोबाइलमध्ये बघू लागले. जळगावातली आमची बिल्डिंग अकरा मजल्यांची. भाषण ठोकायला मजल्यागणिक माणूस सापडेल, कामाला एकही नाही. हात वर झाला तो पंडित नानांचा. कुणी आग्रहसुद्धा केला नव्हता. हयात भडगावच्या एसटी स्टँडवर कंट्रोलर म्हणून गेलेली, निवृत्तीनंतर हुकूम सोडायला माणसं उरली नव्हती, ही खरी गोम.

पण माणसानं काम केलं, हेही सांगितलं पाहिजे. जिन्यातले मोडके कूलर आणि सायकली त्यांनी भांडून हलवायला लावल्या. वर्गणी काढून मजल्यामजल्यावर धूर ओळखणारी यंत्रं बसवली. धूर दिसला की मोठा भोंगा वाजायचा. त्याची पेटी तळमजल्यावर वॉचमनच्या खोलीत, आणि चावी नानांकडे. घरोघरी जाऊन म्हाताऱ्याकोताऱ्यांनाही त्यांनी सगळं समजावलं. गळ्यात शिट्टी असायचीच. पोरं 'कंट्रोलर आले' म्हणून चिडवायची आणि नानांना ते मनापासून आवडायचं.

श्रावणात कानबाई आली. नारळाच्या देवीला नथ घालून बसवायचं, रात्रभर दिवा तेवता ठेवायचा, गाणी म्हणायची, रोटांच्या प्रसादाला अख्खे भाऊबंद जमवायचे. यंदा नानांच्या घरी भडगावहून सगळं गणगोत उतरलं. आता एवढ्या माणसांत धूप पेटणार, दार उघडं राहणार, म्हणजे भोंगा बोंबलणार. मागे कुणाच्या वास्तुशांतीत तो असा कोकलला होता की भटजी मंत्र विसरले.

"एक रातनी तं बात शे," कुंदाबाई म्हणाल्या. "कानबाई घरमा बठेल आन् तुमना भोंगा बोंबलस, हाई बरं दिसस का?"

नाना आपल्या बायकोलाही 'नाही' म्हणाले. नियम सगळ्यांना सारखा. मग धाकटा भाऊ भटू सगळ्यांसमोर हसून म्हणाला, "नाना, बठ्ठी बिल्डिंग तुमनं आयकस, आन् तो एक डबा आयकत नही?"

सगळे हसले. ते हसू नानांना झोंबलं. वॉचमन धनसिंग फेरीला गेल्यावर ते खाली उतरले आणि भोंगा बंद करून आले. उद्या सकाळी चालू करू, असं ठरवलं आणि कुणालाच काही बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी सकाळी डफ वाजू लागले. बायकांनी कानबाई डोक्यावर घेतली. अर्धी बिल्डिंग विसर्जनाला नदीवर निघाली. नाना गुलालात न्हाऊन पुढे नाचत होते. भोंगा त्यांच्या डोक्यातून साफ गेला होता.

परत आलो तर दारात ॲम्ब्युलन्स. नवव्या मजल्यावर विजेच्या वायरी जळून धूर कोंडला होता. तिथल्या भिकुबाई गुडघ्यांमुळे नदीवर आल्या नव्हत्या, घरी एकट्याच होत्या. धूर बघून धनसिंग वर धावला आणि त्यांना पाठीवर घेऊन खाली आला. म्हातारी काळीनिळी पडली होती. त्यांची सून मयुरी, नदीवरून ओलेत्यानं आलेली, तशीच ॲम्ब्युलन्समध्ये चढली.

आणि नाना? ते भिकुबाईंकडे गेले नाहीत. कुणाचं लक्ष नाही हे बघून ते वॉचमनच्या खोलीत शिरले आणि पेटी उघडून भोंगा चालू केला. वर धूर होताच. सगळी बिल्डिंग दणाणली.

"घ्या! माणसं खाली आल्यावर वाजतोय!" चेअरमन हितेंद्र ओरडला. "यंत्रवाल्यांनी आपल्याला फसवलं."

सगळ्यांनी यंत्रवाल्यांना शिव्या घातल्या. नाना मान खाली घालून उभे होते. बिचारे किती मनाला लावून घेतात, असं आम्हाला वाटलं. संध्याकाळच्या सभेत त्यांच्या मेहनतीसाठी टाळ्यासुद्धा वाजल्या. त्या टाळ्यांनी आपल्याला जितकं सोलून काढलं तितकं कुणाच्या शिव्यांनीही काढलं नसतं, असं नाना मला पुढे म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते दवाखान्यात गेले. भिकुबाई शुद्धीवर होत्या, आवाज मात्र घोगरा. मयुरीनं नानांना वाकून नमस्कार केला आणि त्यांच्यासाठी चहा आणायला गेली.

"अक्का, धूर दिसला तेव्हाच बाहेर का नाही पडलात?" नानांनी विचारलं.

भिकुबाईंना प्रश्नाचंच नवल वाटलं. "तुम्हीनच तं सांगेल व्हतं, नाना. घाबरानं नही, भोंगा वाजना का मंग निंघानं. मी वाट देखत बठनू. तो वाजनाच नही."

नानांना खुर्चीत बसवेना. मरणाची लाज वाटली त्यांना. बाईंनी त्यांचा शब्द पाळला होता आणि त्यांनी स्वतः तो एका थट्टेपायी विकला होता.

"अक्का, भोंगा मी बंद केला होता. माझ्या घरच्या कानबाईसाठी."

भिकुबाईंनी आधी दाराकडे बघितलं, मयुरी अजून आली नव्हती. मग म्हणाल्या, "माले सांगं ते सांगं. मयुरीले सांगू नका. ती तुमले देव मानस."

नाना बाहेर आले. मयुरी चहाचे दोन ग्लास घेऊन समोरून येत होती. नानांनी तिला तिथेच सगळं सांगितलं. भोंगा का बंद केला, आणि सगळे तुझ्या सासूभोवती असताना आपण आधी कुठे गेलो, तेही.

त्यांच्या वाटणीचा ग्लास तिनं बाकावर ठेवला, आत गेली आणि दार लावून घेतलं. नाना त्या ग्लासाशेजारी बसून राहिले. चहा निवला, पण त्याला हात लावायची त्यांची हिंमत झाली नाही.