पूर्णेच्या आरमाराचं शीड

तमाम नागरिकांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, पूर्णा जंक्शन येथे एके काळी आरमार होते. त्यात जहाज एकच, लांबी दीड हात, आणि त्याचा सरखेल म्हणजे खुद्द मी, रेल्वेच्या शेडमधला फिटर.

विद्यापीठाचं नामांतर अजून व्हायचं होतं, तेव्हाची ही गोष्ट. शेजाऱ्याच्या भावानं दुबईहून रिमोटवर चालणारी खेळण्यातली कार आणली. ती आठवड्यात मोडली. रिमोट आणि आतल्या दोन मोटरी शाबूत होत्या, त्या मी मागून आणल्या. पांगाऱ्याच्या लाकडाची होडी कोरली, तळाला शिसं ठोकलं, छत्रीच्या दांडीची डोलकाठी केली, खताच्या पोत्यातल्या प्लॅस्टिकचं शीड. एक मोटर सुकाणू वळवी, दुसरी दोरी गुंडाळून शीड आत ओढी. म्हणजे ओढायला हवी होती. नदीच्या बंधाऱ्यामागं पहिल्याच वाऱ्यानं शीड बाहेर फेकलं आणि ती इवलीशी मोटर नुसती घरघरत राहिली. शेवटी सरखेल चड्डीवर पाण्यात उतरले आणि आरमार काखोटीला मारून घरी आले.

घरात वेगळंच युद्ध चालू होतं. सासऱ्यांचं, म्हणजे मामांचं, मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन ते आमच्याकडं आलेले, डोळ्यावर हिरवी पट्टी. डॉक्टरांनी बजावलं होतं, महिनाभर धूर नको, धूळ नको. पण सासूबाई गेल्यापासून मामा जिंतूरकडच्या गावात एकटेच, चुलीपुढं बसून भाकरी थापत. आणि लेकीच्या घरी बापानं मुक्काम करू नये, हा त्यांचा बाणा. भरलेली पिशवी कायम दाराच्या खुंटीवर. रोज म्हणायचे, चारच्या बसनं निघतो. डोळा हातचा जाईल या धास्तीनं बायकोला झोप नव्हती. मग ती रोज दुपारी त्यांचं धोतर भिजत घाली. धोतर वाळेस्तोवर बस परभणीला पोचलेली असे.

आठव्या दिवशी मामांनी पहाटेच उठून धोतर स्वतः धुतलं, वाळवलं, नेसलं. बायको चूल नसलेल्या स्वयंपाकघरात जाऊन रडली. मामा पिशवी घेऊन अंगणात आले. मी होडीपुढं डोकं धरून बसलो होतो. पट्टी नसलेल्या डोळ्यानं त्यांनी शीड न्याहाळलं.

“जावाईबापू, गाडी उलाळ झालीय तुमची.”

बैलगाडीत सगळं ओझं चाकांच्या मागं गेलं की जू वर उचललं जातं आणि बैलांचे गळे आवळतात. तीच उलाळ गाडी.

“समदं वझं काठीच्या मागं. त्या मोटरीनं काय करावं? जरा पुढं घ्या की.”

त्यांनी पिशवी खाली ठेवली. शिडाखालची आडवी कामटी आम्ही डोलकाठीच्या पुढंही काढली आणि त्या टोकाला एक धाकटं शीड बांधलं. दांडी पितळी नळीत सैल बसवली, म्हणजे दोन्ही शिडांसकट सगळा सांगाडा दारासारखा फिरावा, आणि पुढच्या शिडावरच्या वाऱ्यानं मागच्याचा भार हलका व्हावा. मामांनी गाल फुगवून फुंकर मारली. सांगाडा गर्रकन उलटाच फिरला. आता पुढं जास्त झालं होतं. त्यांनी लेकीची कात्री मागितली, धाकटं शीड तीन बोटं कापलं, पुन्हा फुंकलं. मान हलवली.

नदी स्टँडच्या वाटेवरच. बायको वडलांना पोचवायला म्हणून बरोबर आली, पिशवी तिच्या हातात. होडी मधोमध गेल्यावर मी कळ दाबली. मोटर घरघरली, दोन्ही शिडं एकदम आत आली, होडी वळली आणि सरळ आमच्या पायांपाशी येऊन टेकली. मामांनी रिमोटसाठी हात पुढं केला.

होडी पुन्हा निघाली. एकदा, दोनदा, तीनदा. बायको पिशवी छातीशी धरून उभी, श्वाससुद्धा जपून घेत होती. मला राहवलं नाही. मोठ्या अदबीनं मी आठवण करून दिली, की मामा, चार वाजत आले.

पाण्यावरची नजर न काढता ते बोलून गेले, “बस काय, उद्या बी येतीय. वारं ऱ्हातंय का उद्यापस्तोर?”