सुकेळीचा चावा

आमच्या वाडीत सुकेळी तयार झाली की नाही, ते बाबांचे पुढचे दात ठरवत. राजेळी केळी पिकवायची, सोलायची, अंगणातल्या बांबूच्या माळ्यावर आठवडाभर उन्हात वाळवायची, हे कोणीही शिकेल. शेवटच्या दिवशी बाबा एक सुकेळं उचलत, पुढच्या दातांनी हळूच दाबत आणि म्हणत, "अजून एक ऊन." किंवा, "झाली, बांधा." हाताला सगळी सारखीच लागतात. आत ओल राहिली तर बुरशी धरते, आणि ती ओल दातालाच कळते.

मी शाळेत असताना त्यांनी चावलेल्या एका सुकेळ्यावर लाल ठिपके दिसले. मी आईला दाखवले. आईने आपल्या मशेरीची डबी त्यांच्यापुढे सरकवली. तव्यावर तंबाखू जाळून केलेली ती काळी पूड बाबा रोज हिरड्यांना चोळू लागले आणि रक्त खरंच थांबलं. आई शेजारणींना गुण सांगत फिरली. पुढची वीसेक वर्षं त्यांच्या तोंडाकडे कोणी पाहिलंच नाही. मीही नाही.

आई गेली त्यानंतर एका रविवारी मी चर्चमधली मिस्सा आटोपून घरी आले, तेव्हा बाबा पाव चहात बुडवून गिळताना दिसले. दात हलत होते. ओढूनच त्यांना वसईत दाताच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

"रक्त थांबलं होतं, आजार नाही. तंबाखूने ते नुसतं दाबून ठेवलं," बाई म्हणाल्या. मग समजावून सांगितलं. हिरडीखाली जंतूंचा थर बसतो. त्यांच्याशी लढायला शरीर रक्तातून आपली फौज पाठवतं. थर हटत नाही, म्हणून फौजही हटत नाही, आणि त्या लढाईत दात धरून ठेवणारे धागे आणि खालचं हाड झिजत जातं. "जंतूंपेक्षा जास्त नुकसान तुमच्याच शरीराने केलंय, काका."

"कुंपणानेच शेत खाल्लं म्हणा," बाबा म्हणाले आणि तोंडावर हात धरून हसले. मला मात्र संताप आला. ऑफिसात तक्रार नोंदवावी तशी मी म्हणाले, "मग थांबवा ना ती फौज."

"ती थांबवली तर साध्या खरचटण्यानेही जीव जाईल. आपण थर साफ करू. पण गेलेलं हाड परत येत नाही."

नाताळाआधी पुढचे दात काढावे लागले. कवळी बसली. त्या हंगामातली पहिली सुकेळी वाळली तेव्हा बाबांनी कवळीने एक दाबून पाहिलं, मग दुसरं, मग तिसरं.

"काय कळत नाय," ते म्हणाले.

बाईंना फोन केला. दाब कळतो तो दाताभोवतीच्या त्याच धाग्यांना, असं त्या म्हणाल्या. ते धागेच आता उरले नव्हते. कवळी चावू शकते, तिला तसं कळत नाही.

बाबांनी एक सुकेळं माझ्यापुढे धरलं. "तू सांग."

मी आयुष्यभर सुकेळी फक्त खाल्ली होती. दाताने दाबलं. गोड लागलं, चिवट लागलं, बाकी काही समजलं नाही. बाबा माझ्या तोंडाकडे बघत उभे होते आणि मला नाही म्हणवेना.

"झाली," मी म्हणाले.

त्यांनी त्याच संध्याकाळी केळीच्या सुक्या पानांत सगळी बांधली. महिन्याभरात पुडक्यांत पांढरी बुरशी आली. बाबांनी एकेक पुडकं सोडून खताच्या खड्ड्यात टाकलं.  मला ओरडले असते तर बरं झालं असतं.

मागच्या रविवारी मी वाडीत गेले तर बाबा माळा सोडवत होते. बांबू घेवड्याच्या मांडवाला लागतील म्हणाले.

"राहू दे ना, बाबा. मी शिकेन."

"रक्त येणाऱ्या तोंडाला काय कळणार? तू चावलंस त्यावर लाल लागलं होतं. मी तेव्हाच बघितलं."

ते रक्त मी ब्रशवर रोज बघत होते आणि कोणाला सांगितलं नव्हतं.

"मग बांधली कशाला?" मी विचारलं.

"तू झाली म्हणालीस ना," बाबा म्हणाले आणि बांबू खांद्यावर घेऊन विहिरीकडे गेले.