साखराबाई झालेली कडू

१८ जानेवारी २०२४ रोजी रामेश्वरने परळीहून दोन हजार चारशे पन्नास रुपयांचा पाळणा आणला. दुसऱ्या दिवशी त्याच्या मुलीचं बारसं होतं. त्याच्या बायकोने, ऋतुजाने, मोबाईलवर नाव शोधून ठेवलं होतं. पाळणा टांगता टांगता तिने ते आजेसासूला सांगितलं.

"मधुरा. तुमचंच नाव हाय, आज्जी. साखराबाई जुनं झालं, अर्थ तोच ठेवला."

म्हातारीच्या हातातली दोरी सुटली.

साखराबाई हे तिचं सासरचं नाव. माहेरी, तलवाड्यात, ती कडू होती. तिच्या आधी आईच्या दोन मुली गेल्या. दुसरीचं नाव साखरा. रांगत उंबऱ्यापर्यंत यायला लागली आणि तापात गेली. तिसरी झाली तेव्हा आईने तिच्या जिभेला कडुलिंबाचा पाला लावला, नाव कडू ठेवलं आणि मेंढ्या राखणाऱ्या छबुबाईला ती सव्वा रुपयाला विकली. विकली म्हणजे उंबऱ्याबाहेर दिली, पैसे घेतले आणि परक्याचं पोर म्हणून पुन्हा घरात सांभाळायला आणली. नेणाऱ्याला या घराचं पोर सापडू नये म्हणून. कडू जगली.

लग्नात नवऱ्याने, मुंजाजीने, ताटातल्या तांदळात अंगठीने तिचं नवं नाव लिहिलं. कडू हे नाव सुनेला शोभेना, म्हणून सासूने गोड नाव निवडलं होतं. ते वाचून दाखवल्यावर आईने नुसता पदर तोंडाला लावला. मुलीकडची बाई मांडवात काय बोलणार? शिवाय गेलेल्या पोरीचं नाव घेणं म्हणजे तिला हाक मारणंच.

तेव्हापासून कुणी 'साखरे' म्हटलं की कडूबाई लगेच ओ देत नसे. मागून दुसरं कुणी ओ देतं का, ते आधी ऐके. सासूने तिला बहिरी ठरवलं, मुंजाजी आखडू म्हणायचा. परळीच्या वीजकेंद्राची राख वाऱ्याने उंबऱ्यावर येऊन बसे. सकाळी ती झाडण्याआधी कडूबाई वाकून बघायची, रांगत्या पोराचा हात उमटलाय का.

बारशाच्या सकाळी तिने हे सगळं पहिल्यांदाच सांगितलं. ऋतुजा आधी हसली.

"त्याच नावावर तुमी म्हाताऱ्या झालात की. तुमाला कावून न्हाई नेलं तिनं?"

"मी विकलेली हाय. ही पोर घरची हाय."

ऋतुजाचं हसू गेलं. नाव तिने बदललं नाही, ते थर्माकोलमध्ये कापून भिंतीवर लागलं होतं. पण पोर विकायला ती तयार झाली. शेजारची केशरबाई गिऱ्हाईक झाली. इतक्या स्वस्तात देताय तर जोडी द्या, म्हणाली. उंबऱ्याबाहेर तिने पोर घेतली, रुपया दिला. चार आण्यांचं नाणं मात्र तिच्या घरात निघालं नाही, दुकानातही नाही. ते बंद होऊन वर्षं झाली होती. ती दोन रुपये देऊ लागली. कडूबाईने ते घेतले नाहीत. ठरलेला भाव सव्वा रुपयाच होता, तो पुरा झाल्याशिवाय पोर विकली जाणार नव्हती.

मग पोर आत आणून पाळण्यात घातली, आत्याने तिच्या कानात नाव सांगितलं. ऋतुजाने पाळण्यावर वाकून पहिली हाक मारली, "मधुरा."

कडूबाई सवयीने थांबली, ऐकत राहिली. पोरीची नजर आईकडे नव्हती, उंबऱ्याकडे होती.

केशरबाईकडून चार आणे अजून यायचे आहेत.