बाद शपथ

टिलरेड मधमाश्या पाळायचा. त्याच्या शब्दाला वजन होतं, म्हणून गावात कुणावर आळ आला की लोक आधी त्याच्या दारात यायचे. रीत अशी होती. आळ आलेल्याने सभेत शपथ घ्यायची आणि शेजाऱ्यांनी मागे उभं राहून म्हणायचं, याची शपथ निर्मळ आहे. कुणी काय पाहिलं, हे कोणी विचारत नसे. पुरेसे शेजारी उभे राहिले की माणूस सुटला.

एकदा कारभारी ओस्मोडवर बैलचोरीचा आळ आला. खरं काय ते टिलरेडला ठाऊक होतं, पण कारभाऱ्याला नाही कसं म्हणायचं? तो उभा राहिला. पुढे बैल ओस्मोडच्याच गोठ्यात सापडला. ओस्मोडसाठी जहागीरदाराने शब्द टाकला, दंडावर निभावलं. टिलरेडसाठी कोण शब्द टाकणार? त्याची शपथ कायमची बाद झाली.

काही वर्षांनी त्याच्या मुलावर, विगमुंडवर, जहागीरदाराचा मेंढा चोरल्याचा आळ आला. मेंढा गेला त्या दिवशी उजाडल्यापासून बापलेक मधाची पोळी काढत होते. टिलरेड दारोदार फिरला. काही जण हो म्हणाले, काहींना अचानक कामं आठवली. गिरणीवाला हुनलाफ म्हणाला, "तुझ्या मधाला चव आहे टिलरेडदा, शब्दाला नाही राहिली."

सभेत एक माणूस कमी पडला. टिलरेड स्वतःच मुलामागे जाऊन उभा राहिला.

"खाली बस," ओस्मोड म्हणाला. "तुझी शपथ चालत नाही."

"तुमच्यासाठी चालली होती, कारभारी."

मागे कोणीतरी हसलं. ओस्मोड चिडला नाही. "म्हणूनच आता चालत नाही."

"पोरगा दिवसभर माझ्यासोबत होता. मी पाहिलंय."

"काय पाहिलंस, हे कुणी विचारलंय का?"

"बस, बा," विगमुंड हळूच म्हणाला.

शेजारी कमी पडले की दिव्य करायचं, म्हणून तापलेलं लोखंड विगमुंडच्या हातात दिलं आणि हात बांधून ठेवला. काही दिवसांनी पट्टी सोडली तेव्हा हात चिघळला होता. म्हणजे चोर. त्याला फाशी दिली.

फाशी गेलेल्याच्या बापाने सूड घेणार नाही अशी शपथ घ्यायची असते. टिलरेडला पुढे बोलावलं. त्याने हात वर केला, तेवढ्यात ओस्मोडच म्हणाला, "अरे, याची कशी चालेल? याच्या मेहुण्याची घ्या."

मेहुण्याने शपथ घेतली. टिलरेड बाजूला उभा राहून ऐकत होता. ती त्याला मान्य आहे का, हे कुणी विचारलं नाही.