होळीपर्यंत थांबा

आमच्या घरात आता सगळे मला आशावादी म्हणतात. नातसून तर शेजारणीला ओळख करून देतानाही तेच सांगते. मला हसू येतं. ज्या वर्षी हे घडलं त्या वर्षी घरात माझ्यासाठी एकच शब्द होता, हट्टी. आणि खरं सांगू? तोच मला जास्त आवडतो.

माझं माहेर उमरोळीचं, भातशेतीवालं. सासर पालघरजवळच्या माहीमचं, पानवेलींची वाडी असलेलं. वाडी सासऱ्यांनी स्वतःच्या हातानं उभी केलेली. रोज दुपारी जेवण झालं की ते वाडीत जायचे, एक पान खुडून आणायचे, चांगलं काळंभोर आणि जाड, आणि चुना-सुपारी घालून ओट्यावर चावत बसायचे. दुसऱ्या कुणी आणलेलं पान त्यांना चालायचं नाही. "दाताखाली कुरकुरलं पायजे, तर ते पान," असं म्हणायचे.

तेव्हा आमची पानं मुंबईहून पार पाकिस्तानात जायची. पासष्टची लढाई झाली आणि एका फटक्यात सगळं बंद. व्यापाऱ्याचा निरोप आला, आता माल पाठवू नका. पण वेलीला लढाई काय कळते? ती पानं देतच राहिली. आणि तयार पान खुडावंच लागतं, नाहीतर वेलीचा पुढचा जोर जातो. करंड्याच्या करंड्या ओट्यावर सडायच्या आणि आम्ही बायका त्या नारळाच्या बुंध्याशी नेऊन ओतायचो. सासरे त्या वेळी घराबाहेर यायचेच नाहीत.

दिवाळी झाली. एका सकाळी पाहते तर ते कोयत्याला धार लावत बसलेले. "वेली तोडून टाकतो," म्हणाले, "केळी लावू." आवाज अगदी साधा होता, पण धार लागून झाली तरी पातं घासतच राहिले. माझ्या लग्नाला जेमतेम वर्ष झालेलं. सासऱ्यांसमोर उभं राहून बोलायची रीत नव्हती. पण मला राहवलंच नाही. पदर खोचला आणि बोलून बसले, "बाबा, होळीपर्यंत थांबा. पानं विकायचं मी बघते."

"कुणाला विकणार? उमरोळीच्या बेडकांना?" आमचे हे म्हणाले आणि खो खो हसले.

सासरे हसले नाहीत. माझ्याकडे बघितलं, कोयता वळचणीला खोचला आणि म्हणाले, "होळीपर्यंत."

आता बोलले खरी, पण विकायचं कुठे हे मला तरी कुठे ठाऊक होतं! वाट दाखवली माझ्या भावानं. तो तारापूरला विजेच्या प्रकल्पाच्या बांधकामावर कामाला होता. म्हणाला, "ताई, तिथं उत्तरेकडची खूप माणसं हायत. एक वेळ जेवण नसलं तर चालेल त्यांना, पान पायजे. आणि हितं मनासारखं पान मिळत नाय."

दुसऱ्याच दिवशी ताजी, टवटवीत पानं खुडून करंडी भरली, पालघरला गाडी पकडली आणि बोईसर स्टेशनाबाहेर जाऊन बसले. कामगारांचे ट्रक तिथून सुटायचे. डोक्याला गमछा बांधलेला एक म्हातारा आला. पान उचललं, तुकडा तोडून चावला आणि थू करून थुंकला! "बहनजी, ये तो कच्चा है."

कच्चं? माझ्या सासऱ्यांच्या वाडीतलं पान कच्चं? माझं डोकंच फिरलं. हिंदी येत नव्हती, मग मराठीतच त्याला चांगलं सुनावलं. तो शांतपणे करंडीत हात घालून उकरत राहिला. तळाशी आठवड्यापूर्वीची चार पिवळी पडलेली पानं चिकटून राहिली होती, ती त्यानं काढली. एक तोंडात टाकलं आणि डोळे मिटले. "ये है पान," म्हणाला.

भरलेली करंडी घेऊन परत आले. गाडीत रागानं रडले. आम्ही जे कचरा म्हणून ओततो ते यांना हवं, आणि जे जिवापाड जपतो त्यावर थुंकतात! पण उमरोळी मागे पडली तेव्हा डोक्यात आलं, आपली आई आंबे पिकवते तशी पानं का नाही पिकवायची?

पहिली अढी पेंढ्यात घातली, ती काळी पडून सडली. घरभर वास. आमचे हे नाक धरून फिरत होते. दुसऱ्या खेपेला पानं पुसून कोरडी केली, तरी निम्मी गेली. सासरे पहिल्यांदा चिडले. "सडकी पानं विकून माझं नाव घालवणार हायस?" हे मात्र मला फार लागलं. पण मी मान खाली घालून म्हटलं, "होळीला अजून अवकाश आहे, बाबा." धीर बीर काही नव्हता माझ्यात. होळीपर्यंतचे दिवस तेवढे माझे होते.

तिसऱ्या अढीला रोज एकेक पान हातानं उलटलं, डाग पडलेलं लगेच काढून टाकलं. माघात एके दिवशी पेंढा बाजूला केला आणि आत पिवळीधम्मक, लुसलुशीत पानं! ती घेऊन बोईसरला गेले. तोच म्हातारा आला. चावलं, मान डोलावली आणि मोठ्यानं हाक मारली, "अरे, आओ रे सब!" ट्रक सुटायच्या आधी करंडी रिकामी. रिकामी करंडी डोक्यावर घेऊन मी अशी चालले, जशी काही लंका जिंकून आले. त्यानंतर आठवड्यातून तीनदा जायचे, आणि माल कमी पडायचा.

तरी सासऱ्यांचा कोयता वळचणीलाच होता. होळी आली. सकाळी मी पुरण वाटत होते आणि बघते तो सासऱ्यांनी वळचणीचा कोयता काढला आणि वाडीत गेले. माझा वरवंटा हातातच राहिला. वाडीतून तोडण्याचा आवाज येत होता. उठून बघायची छाती झाली नाही. तासाभरानं ते आले, घामानं निथळत. म्हणाले, "बांबू तोडले. वेली वाकल्या होत्या, त्यांना आधार दिला."

मी पुन्हा पुरण वाटायला घेतलं. डोळ्यांतलं पाणी पदरानं पुसलं.

दुपारी जेवणं झाली. सासरे त्या दिवशी पान खुडायला वाडीत गेले नाहीत. ओट्यावर बसले, चुन्याची डबी काढली आणि मला हाक मारली, "सूनबाय, तुझ्या अढीतलं एक पान दे."

मी दिलं. ते बराच वेळ चावत राहिले. आमचे हे दारात उभे राहून बघत होते.

"कुरकुरत नाय," सासरे म्हणाले, आणि हात पुढे केला. "आनखी एक दे."